महायुद्धविषयक ग्रंथांचे परीक्षण : एका निकषाचा विचार

महायुद्धांवरील नवा मराठी ग्रंथ परीक्षणासाठी हाती येतो, तेव्हा निवेदनाची शैली आणि मोहिमांच्या तपशिलाची अचूकता या दोन बाबी प्रामुख्याने तपासल्या जातात. हे निकष आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. युद्ध कोणत्या भूमीवर उभे राहून पाहिले आहे, हा तिसरा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

या प्रश्नाची निकड शीर्षकांपासूनच जाणवते. वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या शीर्षकाने जर्मनीचा इतिहास पुराणकथेच्या चौकटीत आणला. प्रतिमा मराठी वाचकाला तत्काळ भिडते. परंतु भस्मासुराचा अंत त्याच्याच हाताने होतो. ज्या लक्षावधी सैनिकांनी नाझी सत्तेचा पाडाव केला, त्यांना त्या रूपकात स्थान नाही. वि. स. वाळिंबे यांच्या ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ या शीर्षकात युद्धाची दोन्ही टोके दूरदेशी आहेत. शीर्षकावरून ग्रंथाचे मूल्य ठरत नाही, हे खरे. तथापि वाचकाने कोठून पाहावे, याचे सूचन त्यातून होते.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लक्षांवर गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु केवळ शौर्यगौरवाने इतिहास पुरा होत नाही. १९४२ मध्ये ‘चले जाव’चा पुकारा झाला, त्याच काळात मराठी तरुण साम्राज्याच्या सैन्यात लढत होते. हा अंतर्विरोध टाळणारा ग्रंथ अपुराच मानावा लागेल.

युद्धाचा ठसा ठाणे जिल्ह्यातही उमटला. कल्याणजवळ युद्धकाळात लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नेवाळी येथे धावपट्टीसाठी ब्रिटिशांनी शेतजमिनी घेतल्या. त्या जमिनींवरील हक्काचा वाद पुढेही धुमसत राहिला आणि जून २०१७ मधील शेतकऱ्यांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. महायुद्ध १९४५ मध्ये संपले. त्याने निर्माण केलेला जमिनीचा प्रश्न मात्र सात दशकांनंतरही मिटलेला नव्हता.

स्टालिनग्राडवरील ग्रंथात कल्याणचा उल्लेख नाही, म्हणून त्याला दोष देणे अर्थातच अनुचित होय. निकष ग्रंथाच्या प्रतिज्ञेनुसार लावावयाचा असतो. मात्र संपूर्ण महायुद्धाचा इतिहास मराठीत सांगण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या ग्रंथाला सैनिकभरती, छावण्या आणि भूसंपादन यांविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील अभ्यासकांना तर महसुली दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे अशा ग्रंथातील विधाने पडताळून पाहता येतील. परीक्षण हे ग्रंथपरिचयापुरते न राहता संशोधनाला पूरक ठरावयाचे, तर हे श्रम अपरिहार्य आहेत.