दर ऑगस्टला नवा फुटबॉल गेम: घ्यावा की राहू द्यावा?

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या मुलीकडे डॅलसला आले आहे. बारा वर्षांचा नातू दर ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम मागतो. किंमत सत्तर डॉलर. मागच्या वर्षीचा घरात आहे, त्याच्या आधीचाही आहे. मला तिन्ही सारखेच दिसतात. जावई म्हणतात, "आई, फक्त खेळाडूंची नावं बदलतात." नातू म्हणतो, "आजी, तुला त्यातलं कळत नाही." खरं कोणाचं? नवा गेम घेण्याजोगा आहे हे ओळखायचं कसं? आणि जाता जाता, हा खेळ समजून घ्यायला मला गेमचा उपयोग होईल का?
(एक निवृत्त मुख्याध्यापिका)

उत्तर: बहुतेक वर्षी तुमचे जावई खरे. पण एखाद्या वर्षी नातू खरा ठरतो, आणि तसं वर्ष ओळखता येतं. त्यासाठी आधी या खेळात नेमकं काय घडतं ते पाहू.

अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळात साठ मिनिटांचा आणि टीव्हीवर तीन तासांहून जास्त. वॉल स्ट्रीट जर्नलने 2010 मध्ये वेळ मोजून पाहिला, तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ जेमतेम अकरा मिनिटं निघाला. बाकीचा वेळ काय चालतं? ठरवाठरवी. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक डाउनआधी दोन्ही संघ आपापली चाल ठरवतात, समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना चकवायला बघतात. चेंडू मागे आक्रमणाच्या सूत्रधाराच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, हातात आला, म्हणजे 'स्नॅप' झाला, की पुढची तीन-चार सेकंदं धुमश्चक्री. ती सेकंदं बहुधा आधीच्या ठरवाठरवीनेच जिंकलेली किंवा हरलेली असतात.

तुम्हाला पडद्यावर दिसते ती ढकलाढकली या अकरा मिनिटांतली. नातू रमलेला असतो तो उरलेल्या वेळात. म्हणून माझं मत असं, की ज्या नव्या गेमने स्नॅपच्या आधीचा विचार अधिक खरा, अधिक अवघड आणि अधिक रंगतदार केला, तोच पैसे मोजण्याच्या लायकीचा. घामाचे थेंब किती हुबेहूब दिसतात, जर्सी वाऱ्यावर कशी हलते, याचं कौतुक पहिल्या संध्याकाळपुरतं टिकतं.

एकदा नातवाच्या शेजारी बसून नीट बघा. समजा तिसरा डाउन आहे आणि सात यार्ड हवे आहेत. त्याचा क्वार्टरबॅक उभा आहे, चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरांपैकी प्रत्येकाला कंट्रोलरचं एकेक बटण नेमून दिलेलं आहे. बचावातले दोन खेळाडू खूप मागे उभे आहेत, त्यांना सेफ्टी म्हणतात. आता नातू स्नॅपआधी एका रिसीव्हरला या टोकाकडून त्या टोकाकडे पळवेल. हे उगाच नसतं. त्याच्या मागोमाग बचावातला एक जण धावला, तर समजायचं की समोरच्याने माणसामागे माणूस लावलाय. कोणी हललं नाही, तर प्रत्येक जण मैदानाचा आपापला तुकडा राखतोय. एवढी बातमी काढून तो चाल बदलतो. तेवढ्यात दोनपैकी एक सेफ्टी हळूच पुढे सरकतो, आणि आधीचा सगळा अंदाज फिरतो. मग स्नॅप. बटण नुसतं टिचकीसरशी दाबलं तर चेंडू उंच आणि संथ जातो, दाबून धरलं तर गोळीसारखा सरळ. उंच टाकला तर बचाववाल्यांना पोचायला वेळ मिळतो, सरळ टाकला तर मधे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात जायची भीती. चांगला गेम हे सगळं बघायला लावतो. वाईट गेममध्ये यातलं काही न बघताही जिंकता येतं.

अशा 'न बघता जिंकण्याच्या' चालीला खेळणारी मुलं 'मनी प्ले' म्हणतात. एकच चाल, कोणाही विरुद्ध, दर वेळी चालते. गेममध्ये अशी चाल सापडली की पंधरा दिवसांत त्यातली मजा संपते. म्हणून नव्या गेमची पहिली परीक्षा हीच: नातवाला एकच चाल लागोपाठ पाच-सहा वेळा खेळायला सांगा. संगणकाचा संघ तिसऱ्या-चौथ्या वेळी शहाणा होऊन वाट अडवू लागला, तर त्या गेमवर कोणीतरी मनापासून काम केलं आहे.

ही गोष्ट पैशाच्या किंवा तंत्राच्या श्रीमंतीवर अवलंबून नाही, हे जुने गेम पाहिले की पटतं. जपानी कंपनी टेक्मोचा 'टेक्मो बोल' निन्टेन्डोवर 1989 मध्ये आला. खेळाडू म्हणजे अंगठ्याएवढी चित्रं, आणि आक्रमणाला अवघ्या चार चाली. पण बचाव करणाऱ्याने त्या चारांतली नेमकी तुमचीच चाल ओळखली, की तुमचा डाव जागच्या जागी कोसळायचा. समोर बसलेल्या मित्राच्या मनात काय आहे हे ताडणं, एवढ्यावर अख्खा गेम उभा होता. त्याचीच पुढची आवृत्ती, 1991 चा 'टेक्मो सुपर बोल', अमेरिकेत आजही खेळली जाते. त्याच्या स्पर्धा भरतात, आणि हौशी मंडळी दरवर्षी त्या जुन्या गेममध्ये नव्या खेळाडूंची नावं भरतात. आपल्याकडे 'क्रिकेट 07' चं असंच झालं. 2006 च्या अखेरीस आलेला तो गेम पुढची कित्येक वर्षं नवे संघ, नव्या जर्सी घालून पोरं खेळत राहिली. नावं बदलणं हे काम चाहते फुकटात करतात, आजी. तेवढ्यासाठी सत्तर डॉलर मागणाऱ्याने आणखी काहीतरी द्यायला हवं.

तुमचा नातू मागतो तो गेम बहुधा 'मॅडन'. नाव जॉन मॅडनचं. ओकलंड रेडर्सचे हे प्रशिक्षक, आणि नंतर अमेरिकेतले अतिशय लाडके समालोचक. 1984 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स गेमची कल्पना घेऊन त्यांना भेटले. मॅडन विमानात बसत नसत, म्हणून ही बोलणी आगगाडीच्या प्रवासात झाली. त्या काळच्या संगणकांना बावीस खेळाडू एका वेळी हलवणं झेपत नव्हतं, तेव्हा प्रत्येक बाजूला सहा-सात खेळाडू ठेवू, असा विचार पुढे आला. मॅडन ऐकेनात. अकरा विरुद्ध अकरा नसेल तर ते फुटबॉल नव्हे, आणि माझं नाव त्यावर नको. या हट्टामुळे गेम बाहेर पडायला 1988 उजाडलं. मला तो हट्ट फार मोलाचा वाटतो. सात-सात खेळाडूंत चेंडू फेकणं आणि पळणं दाखवता आलं असतं, पण मधल्या फळीतले धिप्पाड लाइनमन उडाले असते, आणि वाट कोण मोकळी करतो, कोण अडवतो, हा खेळाचा गाभाच गेला असता.

मग हाच गेम पुढे वर्षानुवर्षं तोच-तोच का वाटू लागला? याचं एक कारण तारखेनिशी सांगता येतं. 2004 च्या उन्हाळ्यात मॅडनला 'ईएसपीएन एनएफएल 2के5' हा तगडा प्रतिस्पर्धी भेटला. व्हिज्युअल कन्सेप्ट्सने बनवलेला हा गेम वीस डॉलरला एक सेंट कमी, म्हणजे 19.99 डॉलर. टीव्हीवरच्या प्रक्षेपणासारखं सादरीकरण आणि चोख खेळ. मॅडनला आपली किंमत 29.95 पर्यंत खाली आणावी लागली. त्याच वर्षीच्या मॅडनमध्ये समोरच्याला जोरदार धडक मारून पाडायची 'हिट स्टिक' आली, आणि ती खरोखर नवी होती. दोघांनी एकमेकांना धावायला लावलं होतं. पण त्याच डिसेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग, आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेशी एकाधिकाराचा करार केला. खरे संघ आणि खरी नावं वापरून तसा दुसरा गेम काढायची वाटच बंद झाली. चाहते 2के5 चं नाव अजून हळहळून घेतात. तुमच्या जावयांची तक्रार जन्माला आली ती या करारातून, असं मी म्हणेन. दुकानात शेजारी दुसरं खोकं नसेल, तर कंपनीला दरवर्षी नवं काही सुचण्याची निकड राहत नाही.

आता नातू खरा ठरला ते वर्ष सांगतो: 2024. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलवर लोकांचा जीव एनएफएलपेक्षा कमी नाही, टेक्सासमध्ये तर काकणभर जास्तच. त्याचाही दरवर्षी गेम निघत असे, पण 2013 नंतर तो बंद पडला. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉल खेळाडूने 2009 मध्ये खटला भरला होता. महाविद्यालयीन खेळाडूंची चेहरेपट्टी, अंगकाठी, जर्सीचा क्रमांक गेममध्ये वापरून बाकीच्यांनी पैसे कमवायचे आणि खेळाडूंना छदाम मिळायचा नाही, हा अन्याय त्याने वेशीवर टांगला. 2021 मध्ये नियम बदलले आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली. 19 जुलै 2024 ला 'कॉलेज फुटबॉल 25' आला, तेव्हा त्यात सामील झालेल्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. रक्कम मला तोकडी वाटते, पण आधीच्या शून्यापेक्षा ती न्यायाची.

तो गेम घेण्यासारखा होता. 134 संघ, प्रत्येकाची खेळण्याची धाटणी वेगळी, प्रत्येकाचं स्टेडियम, बँड, घोषणा. आणि एक गोष्ट तर फारच अचूक साधलेली. काइल फील्ड हे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं मैदान. एक लाखाहून जास्त माणसं बसतात. पाहुण्या संघाचा पोरसवदा क्वार्टरबॅक घेऊन तिथे उतरलात, की आरोळ्यांनी पडदा थरथरतो, आणि रिसीव्हरांच्या धावण्याच्या ज्या रेषा एरवी सरळ दिसतात त्या वेड्यावाकड्या होतात. गोंगाटात त्या मुलाला काही ऐकू येत नाहीये, हे सांगायला समालोचक लागत नाही; चाल वाचणं तुम्हालाच जड जातं. प्रेक्षकांचा आवाज इथे शोभेला नाही, तो तुमच्या निर्णयात ढवळाढवळ करतो. गेम नवा झाला तो असा.

अशा गेममधून मुलं काय शिकतात याचा एक पुरावा प्रत्यक्ष मैदानावर मिळाला आहे. सप्टेंबर 2009, डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध सिनसिनाटी बेंगल्स. शेवटच्या अर्ध्या मिनिटात डेन्व्हर एका गुणाने मागे. बचावपटूचा हात लागून उडालेला चेंडू ब्रँडन स्टोकलीने झेलला आणि तो सुसाट सुटला. गोलरेषा समोर, अडवायला कोणी नाही. पण तो थेट आत गेला नाही. रेषेच्या अलीकडेच वळून तो मैदानाच्या रुंदीत आडवा धावला, घड्याळातली काही सेकंदं खाल्ली, आणि मग आत पाऊल टाकलं, म्हणजे समोरच्या संघाला उत्तर द्यायला वेळच उरू नये. ही युक्ती आपण व्हिडिओ गेममध्ये कितीतरी वेळा केली आहे, असं त्याने नंतर सांगितलं.

आता घरच्या हिशोबाचं. गेम बाजारात आल्या आल्या घेऊ नका. काही महिन्यांत किंमत उतरते, खेळ तोच राहतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'ईए प्ले' ची वर्गणी असेल तर नवा गेम दहा तास चाचणीपुरता खेळता येतो. पाच वेळा तीच चाल, ही परीक्षा तिथेच उरकून घ्या. नातवाला एवढंच विचारा, "यंदा बचावात नवीन काय आलंय?" त्याचं उत्तर आवडत्या खेळाडूचं नाव किंवा नवी जर्सी असेल, तर पुढच्या वर्षावर ढकला. तो हातवारे करून मैदान दाखवू लागला, तर विचार करायला हरकत नाही.

आणि 'अल्टिमेट टीम' या प्रकारावर लक्ष असू द्या. यात खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं खऱ्या पैशाने विकत घेता येतात, आत कोण निघेल ते आधी कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या गेममध्ये पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव. मला हा प्रकार मुलांच्या बाबतीत मुळीच मान्य नाही. सत्तर डॉलरचा गेम वर्षभरात कितीला पडला हे घरच्यांना कळतही नाही. कंसोलमध्ये मुलाच्या खात्यावर खर्चाची मर्यादा घालता येते. जावयांना सांगून ती आजच शून्यावर आणा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. उपयोग होईल, पण मॅडनपासून सुरुवात करू नका, बटणांतच दम निघेल. तुमच्या फोनवर 'रेट्रो बोल' घ्या. 2020 चा छोटासा गेम आहे, चित्रं जुन्या वळणाची, मोफत सुरू करता येतो. बचाव तुम्हाला खेळावाच लागत नाही, फक्त आक्रमण. बोट मागे ओढून नेम धरायचा आणि सोडायचं. चार डाउन, दहा यार्ड, कधी फेकायचं, कधी हातात घेऊन पळायचं, घड्याळ कधी अडवायचं, हे चार-पाच सामन्यांत अंगवळणी पडतं. मग रविवारी टीव्हीवरचा सामना लावा.

या खेळाचा एक सौम्य भाऊ आता ऑलिंपिकलाही चालला आहे. त्याचं नाव फ्लॅग फुटबॉल. त्यात धडक मारून पाडायचं नाही, कमरेची पट्टी खेचायची. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याला, आणि सोबत आपल्या क्रिकेटला, जागा द्यायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला, आणि तो मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. नातवाला बहुधा हे ठाऊक नसेल. त्याला जरूर सांगा.