गाठ लपवू नका, दवाखाना गाठा



योनीच्या तोंडाशी किंवा खाली शौचाच्या जागेपर्यंत कधी कधी गाठ हाताला लागते. बाई घाबरते, पण ‘असं कसं सांगू कोनाले?’ म्हणून दुखणं अंगावर काढते.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. त्याचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ जणींची! दुखणं घरोघरी, पण बोलायचं कोणी?

गाठ कशाची असते?

१) योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या बार्थोलिन ग्रंथी असतात. त्यांची नळी बंद झाली की आत द्रव साचून गाठ येते. ती सहसा दुखत नाही. पू झाला तर ठणका लागतो, बसणं कठीण होतं.
२) केसाच्या मुळाशी गळू होते.
३) उकिडवे बसल्यावर खाली येणारा व निजल्यावर आत जाणारा गोळा म्हणजे ‘अंग बाहेर येणे’. लागोपाठची बाळंतपणे हे त्याचे एक कारण. म्हणून दोन मुलांत अंतर ठेवा.
४) चामखिळीसारखे कोंब किंवा जखम हा संसर्ग असू शकतो. नवरा-बायको दोघांनीही तपासून घ्यावे. निरोध वापरावा.

तांबीमुळे किंवा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमुळे अशी गाठ येते, हा गैरसमज आहे.

काय करावे?

लहान गाठ असेल तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसा. दिवसातून तीन-चार वेळा. गाठ पिळू नका, सुईने फोडू नका, बिब्बा-चुना लावू नका.

ताप, ठणका, रक्त, झपाट्याने वाढणारी गाठ किंवा गरोदरपण असेल तर लगेच दाखवा. चाळिशीनंतर आलेली नवी गाठ दुखत नसली तरी दाखवाच. क्वचित ती कर्करोगाची असू शकते.

आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगा. तेल्हारा येथील ग्रामीण रुग्णालयात जा. गरज पडल्यास तेथून अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात पाठवतील. सोबत सासूबाई, जाऊबाई, कोणीही चालेल. ग्रंथीत पू झाला असेल तर डॉक्टर लहानसा छेद देऊन तो काढतात. त्याने पुढे मूल होण्यास अडचण येत नाही.

लाज दूर सारा, वेळेवर उपचार करा!