रडारचे चित्र वाचताना



गेल्या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत मी पालघर जिल्ह्यातील एका पाड्यावर होतो. दुपारचे तीन वाजले होते. मोबाईलवरील रडारच्या चित्रात आमच्या बाजूला मोठा तांबडा डाग दिसला. वेळ होती ९:१०. चित्र सकाळचे आहे, पाऊस सरला, असे समजून मी ओहोळापलीकडच्या शेतातल्या बायांना ‘सावकाश या’ असा निरोप धाडला. अर्ध्या तासात ओहोळ दुथडी भरला. देवाच्या कृपेने कोणी पाण्यात उतरले नव्हते. पण ती रात्र त्यांनी खोपटात काढली.

ती वेळ जागतिक प्रमाणवेळ होती. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. ९:१० म्हणजे आपले दुपारचे २:४०. चित्र ताजेच होते. मला ते वाचता आले नाही. म्हणून हा पाठ.

पाऊस कसा मोजतात? मुंबईत कुलाबा व वेरावली येथे हवामान खात्याची रडारे आहेत. रडार सूक्ष्मलहरी सोडते. थेंबांवर आपटून लहर परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि परतलेल्या लहरीच्या ताकदीवरून पावसाचा जोर. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर ही ताकद ६४ पट होते. ती ‘डीबीझेड’ या एककात मांडतात. मार्शल आणि पामर यांच्या १९४८ च्या सूत्राप्रमाणे ४० डीबीझेड म्हणजे तासाला सुमारे १२ मिलिमीटर पाऊस, तर ५० म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर.

चित्र कसे येते? संगणक डोंगर-इमारतींवरून परतलेल्या लहरी गाळतो, आकड्यांना रंग देतो, नकाशावर बसवतो आणि पाठवतो. यात काही मिनिटे जातात. म्हणजे आपण पाहतो तो पाऊस थोडा आधीचा असतो.

काय दिसत नाही? पृथ्वीच्या गोलाईमुळे, अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत शंभर किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. त्याखालचा आणि डोंगराआडचा पाऊस निसटू शकतो. म्हणून रडारचे आकडे जमिनीवरील पर्जन्यमापकाशी ताडून पाहतात.

लक्षात ठेवा
१. आधी वेळ पाहा. साडेपाच तास मिळवायचे का, ते तपासा.
२. एकच चित्र नको. लागोपाठची तीन पाहा, म्हणजे ढगाची दिशा कळते.
३. आपल्या डोक्यावर रंग नसला, तरी ओहोळाच्या उगमाकडे पाहा.

आता मी निरोप धाडण्याआधी आणखी एक करतो. ओहोळाचे पाणी गढूळ झाले का, हे पाड्यावरच्या जाणत्यांना विचारतो.