कोपर मोडलं, तर बोटांकडे बघा

माझं उजवं मनगट सरळ केलं की बोटं आपोआप मिटतात. ती उघडायची, तर मनगट खाली वाकवावं लागतं. लहानपणी कोपराचं हाड मोडलं म्हणून असं झालं, असा बघणाऱ्याचा समज होतो. हाड तर केव्हाच जुळलं. हात गेला तो करकचून बांधलेल्या पट्टीपायी. संक्रांत जवळ आली की म्हणूनच हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात पतंगाची आसारी, कानावर हलकडी या वाद्याचा ताल आणि नजर आभाळात. अशाच एका संक्रांतीला, शाळेत नुकता जाऊ लागलो होतो तेव्हा, मी गच्चीवरून पडलो आणि सगळा भार टेकलेल्या तळहातावर आला. हाडवैद्याने कोपर चोळलं, हात ओढला, बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली. रात्रभर मी विव्हळत होतो. ‘हाड बसतंय, दुखणारच,’ असं जो तो म्हणत होता. पहाटे बोटं बधिर झाली, रडणं थांबलं आणि घरच्यांना हायसं वाटलं. खरं तर तेव्हा हाताचे स्नायू मरत होते. पुढे नाशिकला शस्त्रक्रिया झाल्या, थोडाफार फरक पडला. पण आमच्या येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचा मोर विणायला बोटांत जी चपळाई लागते, ती या हातात परत आली नाही.

असं का होतं, ते आपल्याच हातावर बघता येतं. तळहात वर करून कोपर थोडं वाकवा आणि बेटकुळी फुगवा. कोपराच्या पुढच्या खळग्यात एक ताठ कंडरा लागेल. तिच्या करंगळीकडच्या बाजूला बोट टेकवलं की धमनीचे ठोके जाणवतात. रक्तदाब मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप तिथेच ठेवतात. धमनीच्या पलीकडे, आणखी आतल्या बाजूला, अंगठा आणि तर्जनीला चालवणारी मोठी नस आहे. या सगळ्यांच्या मागे, एका स्नायूच्या आड, दंडाचं हाड. कोपराच्या जरा वर ते चपटं आणि पातळ असतं आणि पाच ते सात वर्षांच्या वयात तिथेच सहज मोडतं. पसरलेल्या तळहातावर पडलं की खालचा तुकडा बहुधा मागे सरकतो आणि वरच्या तुकड्याचं टोक पुढे, धमनी आणि नसेच्या अंगावर येतं.

त्यात सूज चढते. कोपराखालचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात बंद असतात. वरून पट्टी आवळली की आतला दाब वाढतो आणि रक्त पोहोचेनासं होतं. घट्ट पट्टीने हात असा आखडतो, हे जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलं आहे. सुमारे सहा तास रक्त मिळालं नाही, तर स्नायू कायमचे जाऊ शकतात. वाकडं जुळलेलं हाड पुढेही सरळ करता येतं, मेलेला स्नायू जिवंत करता येत नाही.

म्हणून मूल पडलं आणि कोपर सुजलं, तर चोळू नका, ओढू नका, सरळ करायला जाऊ नका. कडं, बांगडी, गंडादोरा सूज चढण्याआधी काढा. हात आहे त्याच स्थितीत घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने सैल बांधा. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. 108 ला फोन करा किंवा थेट अस्थिरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा.

वाटेत बोटं बघत राहा. ती गार, पांढुरकी किंवा निळसर पडली आहेत का? मुंग्या येतात का? अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करता येतो का? येत नसेल, तर नस दबली असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना पोहोचल्याबरोबर सांगा.

प्लास्टर घातल्यावरही पहिले एक-दोन दिवस हेच तपासा, रात्री उठूनसुद्धा. औषध देऊनही दुखणं वाढत असेल, बोट हळूच सरळ करताच मूल किंचाळत असेल, तर सकाळची वाट बघू नका. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. तडक रुग्णालयात जा. प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उकलावं लागतं, वेळ पडल्यास स्नायूंवरचं आवरण चिरून दाब मोकळा करतात.

प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेलं असतं. तेव्हाही मालीश नको, जबरदस्तीने ताणणं नको. त्याने स्नायूत हाड धरू शकतं. मुलाला त्याच्या कलाने हात हलवू द्या. आणि पट्टीतला हात दुखतो म्हणून पोर रडत असेल, तर त्याला हट्टी ठरवू नका. आधी पट्टी सैल करा, मग त्याची समजूत काढा.