नळी धुण्याच्या औषधाविषयी

सातारा,
कार्तिक शुद्ध ५

चि. मृणाल हिस,

तुझे पत्र पोचले. डायलिसिस विभागात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आम्हा सर्वांना समाधान वाटले. परंतु त्याच पत्रात, रोग्याच्या शिरेतील नळी धुण्यासाठी वापरावयाचे हेपरिन केस पेपरवर लिहिण्याचा शिरस्ता तुमच्याकडे नाही, आणि तू विचारणा केली असता ‘ते काय औषध आहे थोडेच, हेपलॉकच तर आहे’ असे उत्तर तुला मिळाले, हे जे तू सहजगत्या लिहून गेलीस, ते वाचून मात्र मला लगोलग लेखणी हाती घेणे भाग पडले. उत्तर देणाऱ्या सिस्टरबाई अनुभवी असतील आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही त्यांचे हे म्हणणे तू मान्य करू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे तुला नीट समजावीत एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे.

१९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जेय मॅक्लीन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला प्राण्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देण्याचा गुण आढळला, आणि त्या शोधातून पुढे जे औषध सिद्ध झाले तेच हे हेपरिन. हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रियांत आणि तुझ्या विभागातील यंत्रात शरीराबाहेर फिरणारे रक्त प्रवाही राहते ते याच्याच बळावर. नळी धुण्यासाठी ‘हेपलॉक’ म्हणून येते ते हेपरिन काही निराळ्या जातीचे नसते. फरक असतो तो केवळ तीव्रतेचा. ते कोणत्या हेतूने भरले होते याची रक्ताला वार्ता नसते, जेवढी युनिटे आत गेली तेवढ्यांचा परिणाम होणारच.

या एका वस्तुस्थितीची हयगय झाल्याने काय अनर्थ ओढवतो त्याचा दाखला सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी मेथडिस्ट रुग्णालयात मिळाला. तेथे अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या कक्षात नळ्या धुण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये १० युनिटे असलेल्या कुप्या ठेवीत असत. त्यांच्या खणात चुकून १०,००० युनिटांच्या कुप्या भरल्या गेल्या. दोन्ही कुप्या आकाराने सारख्या आणि लेबलांचा रंगही निळसर. परिचारिकांनी नेहमीच्या खणातून नेहमीची म्हणून कुपी उचलली, आणि सहा बालकांना हजारपट मात्रा मिळून त्यांपैकी तीन दगावली. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात हीच गल्लत पुन्हा झाली. त्या वेळी डेनिस क्वेड या चित्रपट-अभिनेत्याची काही दिवसांचीच जुळी बालके तिच्या तडाख्यात सापडली, आणि ती वाचली. दोन्ही ठिकाणच्या परिचारिका शिकलेल्या, कामाची तालीम झालेल्या होत्या. माझ्या मते मूळ दोष हाच, की जी वस्तू धुण्यासाठी घेतो तिचे लेबल वाचावे लागते ही जाणीवच हातातून निघून गेली होती. आणि ‘हेपलॉकच तर आहे’ या उद्गारात मला त्याच विस्मृतीची सुरुवात दिसते.

आता तुझ्या कपाटाकडे वळू. आपल्याकडे हेपरिनच्या पाच मिलिलिटरच्या कुप्या मिळतात त्यांपैकी एकीत दर मिलिलिटरला १००० युनिटे असतात, म्हणजे संपूर्ण कुपीत ५०००. दुसरीत दर मिलिलिटरलाच ५००० असतात, म्हणजे कुपीत २५,०००. ‘५०००’ हा आकडा अशा रीतीने दोन्ही कुप्यांशी निगडित आहे, एकीच्या बाबतीत एकूण म्हणून आणि दुसरीच्या बाबतीत दर मिलिलिटरचा म्हणून; आणि पाळी बदलण्याच्या गडबडीत कोणी नुसते ‘पाच हजाराची कुपी दे’ म्हणाले तर देणाऱ्याने काय समजावे? याच जातीच्या घोटाळ्याला पायबंद बसावा म्हणून अमेरिकेत १ मे २०१३ पासून कुपीतील एकूण युनिटे आधी आणि दर मिलिलिटरची त्याखाली छापण्याचा नियम लागू झाला. तू मात्र छापणाराच्या भरवशावर राहू नकोस. कुपी मागताना आणि देताना तीव्रता व आकारमान दोन्ही तोंडाने उच्चारावीत, औषध सिरिंजमध्ये ओढण्यापूर्वी लेबल वाचावे, ओढल्यावर पुन्हा वाचावे, आणि शक्य असेल तेथे दुसऱ्या सिस्टरला दाखवावे. यात वेळ जातो अशी तक्रार कोणी केली तर ती शांतपणे ऐकून घ्यावी आणि आपला क्रम सोडू नये.

डायलिसिसच्या नळीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तेथेच तुझा हात रोज पडणार आहे. त्या नळीच्या लाल आणि निळ्या चापांच्या दोन शाखा तू जवळून पाहा. प्रत्येक शाखेत किती मिलिलिटर द्रव मावतो तो आकडा बहुधा तिच्यावरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. नळी बंद करताना हेपरिन घालावयाचे ते त्या आकड्याइतकेच. समज, प्रत्येक शाखेत दीड मिलिलिटर मावते आणि दर मिलिलिटरला ५००० युनिटे तीव्रतेचे हेपरिन भरून ठेवले आहे. तर दोन्ही शाखांत मिळून १५,००० युनिटे निजून आहेत. साठ किलो वजनाच्या प्रौढाला रक्ताच्या गुठळीवरील उपचाराची पहिली मात्रा देतात ती सुमारे ५००० युनिटांची. तिच्या तिप्पट औषध त्या दोन बोटभर नळ्यांत आहे! म्हणून पुढल्या खेपेला नळी उघडताना पहिली क्रिया आत ढकलण्याची कधीही नसावी. प्रथम टोक अल्कोहोलच्या फायाने पंधरा सेकंद चांगले घासावे व सुकू द्यावे, मग रिकाम्या सिरिंजने आतला द्रव थोड्या रक्तासह ओढून टाकून द्यावा, आणि मगच सलाईनने धुवावे. ओढता आले नाही तर डॉक्टरांना बोलवावे; जोर लावून ढकलण्याची मुभा कोणालाही नाही, कारण गुठळी सुटून रक्तप्रवाहात जाण्याचे किंवा नळीच फाटण्याचे भय असते. सिरिंज दहा मिलिलिटरची घ्यावी, कारण लहान सिरिंजने दाब वाढतो. गडू विसळताना आपण पाणी खळखळवतो, तसे सलाईन थांबत-थांबत, छोट्या हिसक्यांनी सोडावे, म्हणजे आतील भिंतीला चिकटलेले रक्त सुटते. आणि शेवटचा थेंब जात असतानाच चाप लावावा, म्हणजे रक्त टोकातून मागे ओढले जात नाही. ५००० ऐवजी १००० तीव्रतेचे हेपरिन भरून नळी बंद करण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. तुमच्या डॉक्टरांपाशी तो विषय अवश्य काढ.

हातावरच्या साध्या इंट्राकॅथबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. प्रौढ रोग्याची अशी सुई मोकळी ठेवण्यास साधे सलाईन पुरते, हे १९९० च्या दशकातील अभ्यासांनीच दाखवून दिले आहे. तरीही कित्येक वॉर्डांत सलाईनच्या पिशवीत हेपरिन मिसळून ती दिवसभर टांगून ठेवण्याची आणि येईल त्याने तिच्यातून ओढून घेण्याची वहिवाट अजून आहे. ती मला मुळीच पसंत नाही. त्या पिशवीवर कोणी किती घातले याचा लेख नसतो, दुपारच्या पाळीची सिस्टर तिला निव्वळ सलाईन समजते, आणि एका रोग्यासाठी वापरलेली सुई पुन्हा तिच्यात शिरली तर एकाच्या रक्तातील विषाणू सर्वांच्या वाट्याला येतात. डायलिसिसच्या विभागांत हिपॅटायटिस बी आणि सी असेच पसरल्याचे दाखले आहेत, आणि हेपरिनची सामायिक कुपी हे त्याचे एक कारण ठरले आहे. एका रोग्याला एक सिरिंज, एकदाच, हा हुकूम समज.

उद्या तुझी बदली नवजात बालकांच्या कक्षात झाली तर आणखी एक गोष्ट लक्षात असू दे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत काही अपुऱ्या दिवसांची बालके श्वासासाठी तडफडत दगावली, आणि त्याचा उगम नळ्या धुण्यासाठी वापरलेल्या सलाईनमधील बेन्झिल अल्कोहोल या टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यात सापडला. तेथे हेपरिनचा संबंध नव्हता. केवळ ‘धुण्याचे’ म्हणून कोणी लेबलाकडे पाहिले नव्हते, आणि इवल्या देहात ते दिवसातून कितीदा जाते याचा हिशेब ठेवला नव्हता. बालकांसाठी असे द्रव्य नसलेलीच कुपी हवी.

आता रोग्याच्या रक्ताविषयी. हेपरिन सुरू झाल्यावर साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान कोणाच्या प्लेटलेटची संख्या निम्म्यावर आली, तर ती गोष्ट तत्काळ डॉक्टरांच्या कानावर घालावी. कारण काही जणांच्या शरीरात या औषधाविरुद्ध अशी प्रतिक्रिया उमटते, की रक्त पातळ होण्याऐवजी ठिकठिकाणी गोठू लागते. अशा वेळी हेपरिन बंद करण्याचा हुकूम निघतो, ठिबक थांबते, आणि नळी धुण्याचे हेपरिन तसेच चालू राहते, कारण ते केस पेपरवर कधी चढलेलेच नसते! नोंदीचा आग्रह मी धरते तो याचसाठी. रक्ताचा नमुनाही नळीतूनच घ्यावा लागला तर पहिले रक्त टाकून द्यावे, अन्यथा गोठण्याच्या तपासणीचा आकडा खोटा येईल आणि डॉक्टर त्या खोट्यावर उपचार करतील.

आणि इतके करूनही कधी जास्त हेपरिन गेलेच, तर क्षणाचा विलंब न लावता सांगावे. याला प्रोटामीन हा उतारा आहे. साधारण एक मिलिग्रॅम प्रोटामीन १०० युनिटे हेपरिन निकामी करते, परंतु किती हेपरिन गेले आणि केव्हा, हे डॉक्टरांना ठाऊक असल्यावाचून त्याची मात्रा ठरत नाही. खुलासा मागितला जाईल, मेट्रनबाई रागावतील, हे सर्व नंतर पाहता येते. रोग्याचा रक्तस्राव नंतर पाहता येत नाही.

तुझ्या स्वभावातील भिडस्तपणा मला ठाऊक आहे, म्हणून पहिले काम अगदी लहान सांगते. उद्याच्या पाळीवर औषधांचे कपाट उघड. १००० आणि ५००० तीव्रतेच्या कुप्या एकाच खणात असतील तर मेट्रनबाईंची परवानगी घेऊन त्या वेगळ्या कर, आणि धुण्याच्या हेपरिनची तीव्रता, आकारमान व वेळ केस पेपरवर लिहिण्याबाबत डॉक्टरांचा लेखी आदेश माग. काय झाले ते मला उलट टपाली कळव.

तुझी,
मावशी