शंभर मिलिसेकंदांची नोकरी

निवृत्त होऊन वसईला परतल्यापासून माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. बारावीच्या निकालानंतर मुलांना घेऊन येणारे आईवडील, आणि पेपरात 'कृत्रिम सूर्य' असं काही वाचून येणारे शेजारी. फिरून फिरून दोघांचा प्रश्न एकच: यात पुढे काय? गांधीनगरजवळ भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. उमेदीची वर्षं तिथे घालवल्यावर मला जे सांगता येतं, ते हे.

१. तारखेच्या भरवशावर येऊ नका.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत होमी भाभांनी अध्यक्षपदावरून भाकीत केलं होतं, की संलयनाची ऊर्जा ताब्यात ठेवून मिळवण्याची रीत दोन दशकांत सापडेल. १९६९ मध्ये तारापूरला, म्हणजे आजच्या आमच्या पालघर जिल्ह्यात, अणुवीज सुरू झाली खरी. पण ती जड अणू फोडून मिळणारी. हलके अणू जोडून मिळणारी वीज अजून जगात कुणाच्याही घरात पोचलेली नाही. फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाचा करार २००६ मध्ये झाला. सात भागीदारांत भारत आहे, आणि तेव्हा आपल्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. पहिला प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित तप्त वायू, तिथे २०१६ मध्ये पेटायचा होता. पुढे ते साल २०२५ झालं. २०२४ च्या नव्या आराखड्याप्रमाणे खरे प्रयोग २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, इंधन २०३९ मध्ये.

आमची आत्या प्रत्येक लग्नकार्यात विचारायची, "झाली का गं तुझी वीज?" मी म्हणायचे, "आत्या, तोवर तारापूरची वापर." वीज येण्याची वाट बघत कुणी या धंद्यात टिकल्याचं मी पाहिलेलं नाही. टिकले ते सकाळी जाऊन जे काम करायचं त्यात रमलेले. ते काम कसलं, हे मात्र 'कृत्रिम सूर्य' म्हणणारं कुणी सांगत नाही, म्हणून पुढचा मुद्दा जरा लांबणार आहे.

२. आधी व्हॅक्यूम.

प्लाझ्मा धरून ठेवणारं टोकामॅक यंत्र म्हणजे मेदूवड्याच्या आकाराची धातूची पोकळ टाकी, भोवती चुंबकांची वेटोळी. आमचा 'आदित्य' १९८९ मध्ये सुरू झाला. आतल्या प्लाझ्माची मधली त्रिज्या ७५ सेंटिमीटर, एवढंच ते यंत्र. या क्षेत्रातले मोठे आकडे लोकांना पाठ असतात, १५ कोटी अंश वगैरे. पण आयटरच्या सुमारे ८४० घनमीटर प्लाझ्मात एका वेळी इंधन एक ग्रॅमही नसेल, हे ऐकून माणसं चमकतात. इतक्या विरळ वायूत भिंतीवरून सुटलेली थोडी पाण्याची वाफ, थोडा ऑक्सिजन, थोडा कार्बन मिसळला, की ते परके अणू सगळी उष्णता प्रकाशाच्या रूपाने फेकून देतात आणि प्लाझ्मा थंड पडतो. म्हणून टाकीच्या भिंती तापवून तापवून आतली वाफ काढायची, मंद विद्युत्-झोताने त्या घासून घ्यायच्या, पंप रात्रंदिवस चालू ठेवायचे. टाकीच्या आत उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुढे कित्येक दिवस वायू सोडत राहतो.

गळती शोधायची पद्धत सोपी आहे. बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमचा बारीक फवारा मारायचा आणि आतल्या वायूवर उपकरणाने नजर ठेवायची. हेलियम आत दिसला, की तिथे भोक. पण एक गळती अशी असते, जी हेलियमला सापडत नाही. एका छोट्या प्रयोगासाठी मी सुट्टीत वसई पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलची टाकी करून घेत होते. वेल्डर हाताचा पक्का. म्हणाला, "मॅडम, दोन्ही बाजूंनी मारतो, जन्मात तुटणार नाही." मी म्हटलं, "मामा, फक्त आतून मारा." त्याला तो अपमान वाटला. दोन वेल्डांच्या मध्ये अडकलेली हवा आतल्या वेल्डमधल्या बारीक छिद्रातून महिनोन्महिने झिरपत राहते. बाहेरून कितीही हेलियम मारा, काही दिसत नाही, आणि दाब खाली येत नाही. बंद भोकात आवळलेल्या स्क्रूचंही तेच, म्हणून आम्ही स्क्रूलाच आरपार भोक पाडतो. हे समजावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मजबुती नको, सफाई हवी." एवढ्या थोडक्यात हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय त्याच्या आर्गन वेल्डिंगचा आर्क हासुद्धा प्लाझ्माच, आणि वेल्डर त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त वर्षं खेळलेला.

३. शॉट संपल्यावर खरं काम सुरू होतं.

टाकीत एकदा प्लाझ्मा पेटवणं म्हणजे एक शॉट. माझ्या काळात आदित्यचा शॉट साधारण शंभर मिलिसेकंदांचा असायचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यातून जमलेली आकड्यांची रास वाचायला आठवडे जातात. प्लाझ्माच्या कडेला बारीक प्रोब घालून घेतलेली नोंद वेडीवाकडी असते, आणि तो निव्वळ गोंगाट समजून सरासरी काढायचा मोह होतो. १९९२ मध्ये झा, काव आणि सहकाऱ्यांनी आदित्यच्या याच गोंगाटात दाखवून दिलं, की ही खळबळ एकसारखी नसते, ती झटक्याझटक्यांनी येते. दिसायला लहान यंत्र, पण त्या निबंधाची दखल जगभर घेतली गेली, कारण प्लाझ्मा भिंतीकडे कसा निसटतो हे कळण्याचा रस्ता त्यातून जातो. काव म्हणजे संस्थेचे पहिले संचालक प्रेधिमान कृष्ण काव. माझ्या मते लहान यंत्रावर शिकलेला भौतिकज्ञ मोठ्या यंत्रावर थेट बसलेल्यापेक्षा बरा; त्याला प्रत्येक तार कुठून येते ते ठाऊक असतं.

४. बातमी वाचताना विचारा: कुठे मोजलं?

डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेझर-प्रयोगात २.०५ मेगाजूल घालून ३.१५ मेगाजूल मिळाले. खरंच मोठी गोष्ट. पण ते २.०५ म्हणजे लक्ष्यापर्यंत पोचलेला लेझरचा प्रकाश. तो तयार करायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाजूल खर्च झाले. ब्रिटनमधल्या जेट या टोकामॅकने २०२३ मध्ये एका शॉटमध्ये ६९ मेगाजूलचा विक्रम केला. वीजबिलाच्या भाषेत ते १९ युनिट, आणि तीही वीज नव्हे, उष्णता. आयटरही ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट काढणार आहे, पण वीज तयार करणार नाही. ते प्रयोगाचं यंत्र आहे. हे आकडे सांगितले की लोक हिरमुसतात. मला उलट वाटतं: कुठे किती उरलंय हे माहीत असलं, की काम नेमकं दिसतं.

५. यात भौतिकज्ञ कमी लागतात.

आयटरचं क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या यंत्राला पोटात घेणारी निर्वात टाकी, सुमारे ३० मीटर उंच आणि तितकीच रुंद, वजन ३,८५० टन. तिचे भाग लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजिऱ्याला घडवले, जहाजाने फ्रान्सला नेले, तिथे जोडले. मे २०२० मध्ये तिचा तळ खड्ड्यात उतरवला गेला. भारताच्या वाट्याचं हे काम चालवणाऱ्या आयटर-इंडियाची धुरा बराच काळ शिशिर देशपांडे यांच्याकडे होती. या कामात समीकरणं लिहिणाऱ्या हातांपेक्षा वेल्डिंग तपासणारे, चुंबक गार ठेवणारे, वीजपुरवठा सांभाळणारे हात कितीतरी जास्त होते. डिप्लोमा झालेला मुलगा घेऊन येणाऱ्या बापाला मी हेच सांगते.

६. वीज नाही आली तरी उपाशी मरत नाही. गिअरच्या दात्यांना प्लाझ्माने नायट्रोजन पाजून कठीण करणं, रुग्णालयाचा कचरा प्लाझ्माच्या ज्वाळेत विघटित करणं, असली कामं संस्थेच्या औद्योगिक केंद्रात पूर्वीपासून चालतात.

७. आता सुरुवात करायची तर भिंतीपासून करा.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळले, की ऊर्जेचा ऐंशी टक्के भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युत्भार नाही, म्हणून चुंबक त्याला अडवत नाही. तो थेट भिंतीत घुसतो, पोलादातले अणू जागचे हलवतो. शिवाय ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम १२ वर्षं. त्याचा साठा निसर्गात नाही, तो त्याच भिंतीत लिथियमपासून तयार करून घ्यावा लागणार. कल्पाक्कमचं अणुसंशोधन केंद्र, हैदराबादची मिश्रधातू बनवणारी कंपनी मिधानी आणि आमची संस्था यांनी मिळून यासाठी वेगळं पोलाद विकसित केलं. त्यात मॉलिब्डेनम आणि नायोबियम टाळून टंगस्टन आणि टँटलम घातलंय, म्हणजे भिंतीची किरणोत्सारिता लवकर उतरेल. माझ्या काळात सगळ्यांना प्लाझ्मा हवा असायचा. आज मी विशीत असते तर पोलादाकडे गेले असते.

गेल्या वर्षी नालासोपाऱ्याची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. हवं होतं फिजिक्स, मिळालं धातुशास्त्र, म्हणून तोंड पाडून बसलेली. तिला हे पोलाद सांगता सांगता जेवणाची वेळ टळून गेली. तिने वहीत टंगस्टन लिहून घेतलं आणि दोन प्रश्न असे विचारले, की मला उत्तरं शोधायला पुस्तक काढावं लागलं. मध्येच वडिलांनी विचारलं, नोकरी सरकारी असते का. म्हटलं, असते, अणुऊर्जा खात्याची.