कडब्याचा भाव आणि आपला हिशेब

घरात धान्य संपले, तर माणूस शेजाऱ्याकडून पायलीभर उसने आणील. मुके जनावर कोणाकडे मागणार? त्याची वैरण आपणच पाहिली पाहिजे.

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, जत ह्या भागात रब्बीची ज्वारी होते. धान्य माणसाला, कडबा जनावराला. पण कडब्याचा भाव एका वर्षी एक, तर दुसऱ्या वर्षी दुसराच! असे का होते?

ही ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. परतीचा पाऊस चुकला, की पेरा कमी होतो. ताटे खुजी राहतात. पाणी असलेले लोक ज्वारी सोडून ऊस, कांदा लावतात. म्हणजे कडबा आणखी कमी. 2012 आणि 2018 साली पाऊस कमी पडला. म्हणून 2013 आणि 2019 च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

पाऊस आपल्या हाती नाही. भावही नाही. मग आपल्या हाती काय आहे? हिशेब आहे. तो कसा करायचा, ते आम्ही येथे मांडून दाखवतो.

पहिला हिशेब : लागेल किती?

समजा, आपल्या दावणीला दोन गाई आहेत. थोडा हिरवा चारा मिळून प्रत्येकीला रोज 6 किलो कडबा लागतो. दोघींना 12 किलो. मार्च ते जून हे चार महिने, म्हणजे 120 दिवस धरा. 12 गुणिले 120, झाले 1440 किलो. नासाडी दहावा हिस्सा धरली, की सुमारे 1600 किलो लागेल. पावसाने ओढ दिली तर? म्हणून आणखी एका महिन्याची सोय पाहून ठेवावी.

दुसरा हिशेब : स्वस्त कोणता?

कडबा शेकड्याने विकतात. पण पेंढी सगळीकडे सारखी नसते, बरं का! एक जण शेकड्याला 2000 रुपये मागतो. दुसरा 1800 मागतो. दुसरा स्वस्त वाटतो. थांबा! दहा-दहा पेंढ्या काट्यावर घाला. पहिल्याची पेंढी 2 किलोची भरली. शेकडा झाला 200 किलो. किलोला 10 रुपये पडले. दुसऱ्याची पेंढी दीड किलोची. शेकडा 150 किलो. किलोला 12 रुपये पडले! 1600 किलोला 3200 रुपयांचा फरक पडला. म्हणून आधी वजन, मग भाव.

घ्यायचा केव्हा?

सुगीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडबा भरपूर असतो. ज्येष्ठात तो महागतो. म्हणून निदान निम्मा कडबा सुगीतच घ्यावा. एकट्याला गाडीभाडे परवडत नाही. चार घरांनी मिळून एक गाडी आणावी आणि भाडे वाटून घ्यावे.

घेतलेला सांभाळा.

गंज दगड-लाकडांच्या उंच बैठकीवर रचावी. माथा उतरता ठेवावा. अवकाळी पावसाने कडबा काळा पडतो. बुरशी आलेला कडबा जनावराला घालू नये. अख्खी पेंढी टाकली, तर जनावर पाने खाते आणि बुडखे तुडवते. कुट्टी केली, की बुडखेही खाल्ले जातात.

कडबा कमी पडला, तर लोक उसाचे वाढे घालतात. पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांमुळे अंगातला चुना कमी होतो. त्यांत कडबा मिसळावा. खनिज मिश्रण किती द्यायचे, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे.

वेळेवर ठरवा.

हिशेब करूनही वैरण पुरणार नाही असे दिसले, तर काय करायचं? वैशाखाची वाट पाहू नये. तेव्हा सगळेच जनावरे बाजारात आणतात. वैरण महाग आणि जनावर स्वस्त, असा दुहेरी फटका बसतो. कोणते जनावर ठेवायचे आणि कोणते विकायचे, हे घरच्या सर्वांनी बसून फाल्गुनातच ठरवावे. दूध काढणारी आणि शेण काढणारी घरची बाई जनावराला नीट ओळखते. तिला आधी विचारावे.

आता आपल्याला लिहिता येते. मग वहीचे एक पान वैरणीसाठी ठेवा. तारीख, पेंढ्या, वजन, भाव लिहा. पुढच्या सुगीला तेच पान आपल्याला सल्ला देईल.

अभ्यास
1. आपल्या घरी रोज किती किलो वैरण लागते? तोलून लिहा.
2. पेंढी अडीच किलोची आणि शेकड्याचा भाव 2250 रुपये असेल, तर किलोला किती पडले?
3. गाडी मिळून आणण्यासाठी आपल्या आळीतील कोणती चार घरे एकत्र येतील?